ठेवीदाराचा प्रश्न आणि अर्थमंत्र्यांचे उत्तर

लोकसभेचे कामकाज सकाळी अकरा वाजता सुरू होते आणि पहिला तास प्रश्नोत्तरांचा असतो. ज्या प्रश्नापुढे तारकेची खूण असते त्याचे उत्तर मंत्र्याने सभागृहात उभे राहून द्यावयाचे आणि त्यावर सभासदांनी पुरवणी प्रश्न विचारावयाचे, असा शिरस्ता आहे. छापील प्रश्न मंत्र्याला आधी कळलेला असतो, पुरवणी प्रश्न कळलेला नसतो. म्हणून खात्यातील अधिकारी कोणकोणते पुरवणी प्रश्न येऊ शकतील याचा अंदाज बांधून टिपणे तयार करतात आणि त्या तासापुरते अधिकाऱ्यांच्या दीर्घेत जीव मुठीत धरून बसतात. आमच्यासारख्या सरकारी नोकरांच्या आयुष्यात नाट्य म्हणून जे काही असते, ते बहुधा एवढेच.

सर्व मंत्र्यांमध्ये अर्थमंत्र्यांची अडचण मात्र निराळी आहे. एखाद्या पुलाला तडा गेला आहे काय, असे रेल्वेमंत्र्यांना विचारले आणि त्यांनी 'होय' म्हटले, तर त्या शब्दाने पूल कोसळत नाही. उलट त्याची दुरुस्ती लवकर होते. अमुक बँक अडचणीत आहे काय, या प्रश्नाला अर्थमंत्र्यांनी 'होय' म्हटले तर ती बँक दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतही टिकणार नाही. 'नाही' म्हटले आणि पुढे ती बँक बुडाली, तर मंत्र्यांच्या शब्दावर विसंबून ज्यांनी ठेवी ठेवल्या त्यांना तोंड दाखविण्याची सोय राहत नाही. 'सांगता येत नाही' म्हटले तर ऐकणारा त्याचा अर्थ 'होय' असाच घेतो. बँकेविषयीचे उत्तर ही नुसती माहिती नसते, ती स्वतःच एक घटना असते. या पेचातून स्वतंत्र भारताची संसद कशी मार्ग काढीत गेली, त्याचा हा थोडासा इतिहास आहे. त्याच्या मध्यभागी १९६० हे साल आहे आणि त्या सालाशी आपल्या विदर्भातील अकोला शहराचा निकटचा संबंध आहे.

पण तेथे पोहोचण्यापूर्वी थोडे मागे गेले पाहिजे.

आपल्याकडे बँका बुडणे ही नवी गोष्ट नव्हती. १९१३ साली लाहोरची पीपल्स बँक आणि मुंबईची इंडियन स्पीसी बँक कोसळली, तेव्हा बँकांसाठी म्हणून वेगळा कायदाच नव्हता. कापडाची गिरणी आणि लोकांच्या ठेवी घेणारी पेढी या दोघींना कंपन्यांचा एकच कायदा लागू होता. १९३६ मध्ये त्या कायद्यात बँकांविषयीचे प्रकरण घालण्यात आले. १९३८ मध्ये त्रावणकोर नॅशनल अँड क्विलॉन बँक बंद पडली आणि अवघ्या तीन वर्षांच्या रिझर्व बँकेवर टीकेचा भडिमार झाला. यानंतर वर्षभराने, १९३९ च्या जुलैमध्ये, चिंतामणराव देशमुख रिझर्व बँकेत आले. महाडजवळच्या नाते गावी जन्मलेला हा बुद्धिमान सनदी नोकर १९४३ मध्ये त्या बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झाला आणि जून १९४९ पर्यंत त्या पदावर राहिला. बँकिंग कंपन्यांचा स्वतंत्र कायदा सिद्ध झाला तो याच काळात. जॉन मथाई अर्थमंत्री असताना तो मंजूर झाला आणि १६ मार्च १९४९ पासून अमलात आला.

या कायद्याने रिझर्व बँकेला तीन मोठे अधिकार दिले. बँकेला परवाना देण्याचा वा नाकारण्याचा, तिची तपासणी करण्याचा, आणि ती सावरण्यापलीकडे गेली असे दिसल्यास उच्च न्यायालयाकडे तिच्या अवसायनाचा, म्हणजे कारभार गुंडाळण्याचा, अर्ज करण्याचा. तिसऱ्या अधिकारातील एक बारकावा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. रिझर्व बँकेने असा अर्ज केला की न्यायालयाने अवसायनाचा आदेश 'द्यावा' असे कायद्यात नव्हते, 'दिलाच पाहिजे' असे होते. पुढे या एका क्रियापदावरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत वाद गेला. १९६२ मध्ये त्या न्यायालयाने बहुमताने ते कलम वैध ठरविले.

याप्रमाणे बँक बंद करण्याचे शस्त्र १९४९ च्या कायद्यात होते. बंद पडलेल्या बँकेच्या ठेवीदाराने काय करावे, याविषयी मात्र तो कायदा फारसे बोलत नव्हता. हा विचार कोणाला सुचला नव्हता असे नाही. १९४८ मध्ये बंगालमधील बँका धडाधड कोसळू लागल्या तेव्हाच ठेवींचा विमा उतरविण्याची कल्पना पुढे आली होती. अमेरिकेने १९३३ मध्ये हजारो बँका बुडाल्यानंतर ती अमलात आणली होती. आपल्याकडे १९४९ मध्ये तिचा पुन्हा विचार झाला आणि ती बाजूला ठेवण्यात आली. कारण असे की, रिझर्व बँकेची तपासणीची यंत्रणाच अजून उभी राहिली नव्हती, आणि जे तपासलेले नाही त्याची हमी घ्यायची कशी? १९५० मध्ये सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांच्या अध्यक्षतेखालील ग्रामीण बँक व्यवसाय चौकशी समितीने विम्याच्या कल्पनेला पाठिंबा दिला, तोही कागदावरच राहिला. वेळ मागून घेण्याचे ते कारण खोटे नव्हते. पण सरकारी कारभारातील पुष्कळशी खरी कारणे अशीच असतात. ती त्या दिवशी खरी असतात आणि दहा वर्षांनीही तीच पुढे केली जातात.

मधल्या काळात स्वतः देशमुख अर्थमंत्री झाले. १९५० च्या जूनपासून १९५६ च्या जुलैपर्यंत ते त्या पदावर होते आणि १९५२ नंतर कुलाबा जिल्ह्याचे प्रतिनिधी म्हणून लोकसभेत बसत. गव्हर्नर म्हणून ज्या यंत्रणेचे ते प्रमुख होते तिच्याविषयीच त्यांना आता उत्तरे द्यावी लागत. आधारासाठी कोणाकडे पाहावे, हा प्रश्न त्यांनी एका बाजूने सोडविला. २० डिसेंबर १९५४ रोजी त्यांनी लोकसभेत इम्पीरियल बँक सरकारी नियंत्रणाखाली घेण्याचा निर्णय जाहीर केला आणि १ जुलै १९५५ रोजी तिची स्टेट बँक ऑफ इंडिया झाली. पाच वर्षांत चारशे नव्या शाखा उघडण्याचे बंधन कायद्यानेच तिच्यावर घातले होते. खेडेगावच्या आणि तालुक्याच्या ठेवीदाराला सरकारचे पाठबळ असलेली एक तरी बँक हाताशी मिळावी, हा हेतू त्यात होता. ज्याने आपला पैसा आधीच दुसरीकडे, गावच्याच एखाद्या लहान खासगी बँकेत ठेवला होता, त्याची स्थिती मात्र होती तशीच राहिली.

अशा लहान बँका त्या वेळी शेकड्यांनी होत्या. १९५१ साली देशात ५६६ व्यापारी बँका होत्या. यांतील पुष्कळशा चार मित्रांनी, एखाद्या जातीच्या वा व्यापारी पंचायतीच्या पुढाऱ्यांनी, किंवा सार्वजनिक वृत्तीच्या वकील-प्राध्यापकांनी काढलेल्या होत्या. पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्र १९३५ मध्ये स्थापन झाली ती प्रा. वा. गो. काळे यांच्यासारख्या अर्थशास्त्राच्या अध्यापकाच्या आणि धों. कृ. साठे यांच्यासारख्या उद्योजकाच्या प्रयत्नांतून. ती टिकली आणि वाढली. सर्वच बँकांचे नशीब असे नव्हते. परवान्यासाठी अर्ज करून ठेवलेल्या जुन्या बँकेला त्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत व्यवहार चालू ठेवण्याची मुभा कायद्यात होती. त्यामुळे पुष्कळशा बँका वर्षानुवर्षे परवाना नसताना आणि परवाना नाकारलाही नसताना चालत राहिल्या. दारावरची पाटी वाचणाऱ्या ठेवीदाराला हे कळण्याची काहीच सोय नव्हती. रिझर्व बँकेचे तपासनीस येत, दोष दाखवीत, मुदत देत, पुन्हा येत. त्यांचे अहवाल गोपनीय असत. ते तसे असणे एका दृष्टीने आवश्यकच होते, पण त्या गोपनीयतेचा लाभ दुरुस्त होऊ पाहणाऱ्या बँकेला जितका मिळे तितकाच बिघडत चाललेल्या बँकेलाही मिळे.

आता १९६० कडे येऊ. त्या वर्षी अर्थमंत्री होते मोरारजी देसाई. ते या पदावर आले तेही एका संसदीय प्रश्नोत्तराच्या पोटातून, हे सहसा कोणी लक्षात घेत नाही. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंध्रा यांच्या कंपन्यांचे भाग विकत घेतले, त्याविषयी १९५७ मध्ये लोकसभेत प्रश्न विचारला गेला. उत्तर तोकडे पडले. फिरोझ गांधींनी ते प्रकरण हाती घेऊन सभागृहात उलगडून दाखविले. मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांची चौकशी झाली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला. मार्चमध्ये मोरारजीभाई त्या जागी आले. तेव्हा सभागृहात दिलेल्या शब्दाचे वजन किती असते, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नसणार.

१९६० साली दोन बँका कोसळल्या. एक आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक आणि दुसरी केरळातील पलाई सेंट्रल बँक. दोन्हींची नावे पुढे सरकारी इतिहासात जोडीनेच येतात. पण त्या वेळी देशभर गाजली ती पलाई. ती १९२७ मध्ये स्थापन झालेली आणि केरळातील सर्वांत मोठी बँक होती. ८ ऑगस्ट १९६० रोजी रिझर्व बँकेने केरळच्या उच्च न्यायालयात अर्ज केला आणि बँकेचे व्यवहार थांबले. दिल्लीत संसदेचे पावसाळी अधिवेशन चालू होते. हजारो मध्यमवर्गीय कुटुंबांची आयुष्यभराची शिल्लक एका दिवसात अडकून पडली, तेव्हा केरळच्या सभासदांचा क्षोभ समजण्यासारखा होता.

अकोल्याच्या बाबतीत एवढा गदारोळ झाला नाही. लक्ष्मी बँक लहान होती आणि संयुक्त महाराष्ट्र अस्तित्वात येऊन जेमतेम काही महिने झाले होते. वर्तमानपत्रांची पाने त्या उत्साहाने भरलेली होती. पण अकोला हे कापसाच्या बाजारपेठेचे गाव. अशा गावच्या बँकेत कोणाचा पैसा असतो, याची कल्पना करता येते. सरकी-रुईच्या अडत्याचा असतो, तसाच शाळामास्तराचा असतो. मुलीच्या लग्नासाठी बाजूला काढलेल्या रकमेचा असतो, आणि निवृत्त झालेल्या कारकुनाने एकरकमी मिळालेला फंड जसाच्या तसा नेऊन ठेवला, त्याचाही असतो. यांपैकी अडत्याला बँकेची कुजबूज आधी कळते. मास्तरांना ती कळते ते दाराला कुलूप लागल्यावर.

सभागृहात सरकारवर दोन्ही बाजूंनी टीका झाली आणि त्या दोन टीका परस्परविरोधी होत्या. काहींचे म्हणणे असे की, रिझर्व बँकेने घाई केली. थोडा आधार दिला असता, थोडे कर्ज दिले असते, तर बँक सावरली असती. दुसऱ्यांचे म्हणणे असे की, रिझर्व बँकेने फार उशीर केला. पन्नाशीच्या दशकात अनेकदा तपासणी करून दोष दिसलेले असताना इतकी वर्षे गप्प बसून नव्या नव्या ठेवीदारांना त्या खड्ड्यात का पडू दिले? अर्थमंत्र्यांनी रिझर्व बँकेच्या निर्णयाचे ठामपणे समर्थन केले.

मला स्वतःला असे वाटते की, पहिल्या टीकेला सरकारपाशी चांगले उत्तर होते, दुसरीला नव्हते.

पहिल्या टीकेचे उत्तर समजण्यासाठी एक साधा भेद ध्यानात घ्यावा लागतो. एका शेतकऱ्याचे पीक शेतात चांगले उभे आहे, पण आज हातात रोकड नाही. दुसऱ्याचे पीकच करपून गेले आहे. दोघेही सावकाराच्या दारात येऊन सारखीच रक्कम मागतात. पहिल्याला कर्ज देणे शहाणपणाचे असते. दुसऱ्याला दिलेले कर्ज त्याच्या जुन्या देणेकऱ्यांपैकी जे आधी धावत येतील त्यांच्या खिशात जाते आणि मागे राहिलेल्यांना काहीच उरत नाही. मध्यवर्ती बँक ही बँकांची अखेरची सावकार असते. चांगले तारण ठेवणाऱ्या, पण रोकड नसलेल्या बँकेला तिने हात द्यावयाचा असतो. जिची कर्जेच बुडीत झाली आहेत तिला कर्ज देणे म्हणजे आधी आलेल्या ठेवीदाराचे पैसे मागून येणाऱ्या ठेवीदाराच्या आणि सरकारी तिजोरीच्या खर्चाने भागविणे होय. रिझर्व बँकेने ते नाकारले यात तिची चूक दिसत नाही.

दुसरी टीका अशी परतविता येत नाही. जो दोष तपासनीसाला दिसला तो ठेवीदाराला दिसणार नाही अशी व्यवस्था सरकारनेच केलेली, आणि बँक बुडाल्यावर 'आपण पाहून ठेव ठेवावयास हवी होती' असे त्यालाच म्हणावयाचे, हा न्याय नव्हे. गुप्तता पाळावयाची असेल तर तिच्या परिणामांची काही जबाबदारीही पत्करली पाहिजे. हा युक्तिवाद सरकारने या शब्दांत कधी मान्य केला असे नाही. पण पुढल्या सोळा-सतरा महिन्यांत संसदेने जे दोन कायदे केले, ते पाहता तो मनोमन पटला असावा.

पहिला कायदा सप्टेंबर १९६० मध्ये, म्हणजे पलाईनंतर सहा आठवड्यांच्या आतच अमलात आला. त्याने १९४९ च्या कायद्यात दुरुस्ती करून रिझर्व बँकेला असा अधिकार दिला की, अडचणीतील बँकेची देणी काही काळ थांबविण्याचा हुकूम तिने केंद्र सरकारकडून मिळवावा आणि त्या अवधीत त्या बँकेचे एखाद्या सुदृढ बँकेत विलीनीकरण करण्याची योजना आखावी. म्हणजे बंद करणे आणि चालू ठेवणे यांच्यामध्ये तिसरी वाट निघाली. नागपूरची बँक ऑफ नागपूर १९६१ मध्ये बँक ऑफ महाराष्ट्रात विलीन झाली, ती याच लाटेत. १९५१ च्या ५६६ बँकांची संख्या जून १९६९ पर्यंत ८९ वर आली. इतक्या बँका नाहीशा झाल्या आणि बहुतेक ठिकाणी ठेवीदाराला केवळ पासबुकावरचे नाव बदललेले दिसले. संसदेच्या सहा आठवड्यांच्या कामाचा इतका दूरवर परिणाम क्वचितच झाला असेल.

हे कलम आजही जिवंत आहे. जुलै २००४ मध्ये ग्लोबल ट्रस्ट बँकेची देणी थांबविण्यात आली आणि पुढल्याच महिन्यात ती दिल्लीकडच्या ओरिएंटल बँक ऑफ कॉमर्समध्ये विलीन झाली. मार्च २०२० मध्ये येस बँकेचे व्यवहार तेरा दिवस याच कलमाखाली गोठविले गेले आणि स्टेट बँक व इतर बँकांच्या भांडवलाने ती पुन्हा उभी राहिली.

दुसरा कायदा ठेवींच्या विम्याचा. बारा-तेरा वर्षे अडगळीत पडलेली कल्पना आता बाहेर आली. २१ ऑगस्ट १९६१ रोजी विधेयक संसदेत मांडले गेले, ७ डिसेंबरला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि १ जानेवारी १९६२ पासून कायदा लागू झाला. एका ठेवीदाराला एका बँकेतील दीड हजार रुपयांपर्यंतच्या ठेवीचे संरक्षण मिळाले. त्यासाठी बँकांनी दर शंभर रुपयांच्या ठेवीमागे वर्षाला पाच पैसे हप्ता द्यावयाचा होता. ठेवीदाराकडून काहीच घ्यावयाचे नव्हते. आरंभी २८७ बँका या योजनेत आल्या. अशी राष्ट्रव्यापी योजना आणणाऱ्या जगातील अगदी पहिल्या देशांत आपली गणना होते.

दीड हजार हा आकडा आज ऐकताना हसू येईल. पण त्या वेळी देशातील बँकखात्यांपैकी चारांतील तीनांहून अधिक खाती त्या मर्यादेत पूर्णपणे बसत होती. रकमेच्या हिशोबाने पाहिले तर मात्र एकूण ठेवींचा जेमतेम चौथा हिस्सा संरक्षित होता. या दोन आकड्यांच्या तफावतीतच कायद्याचा हेतू स्पष्ट होतो. ज्याला बँकेची कुजबूज आधी कळते त्या अडत्यासाठी तो नव्हता. ज्याला ती शेवटी कळते त्या मास्तरांसाठी होता. आणि मास्तरांना एकदा खात्री पटली की ते रांगेत येऊन उभे राहणार नाहीत, म्हणून रांगच लागणार नाही, अशी त्यामागची व्यावहारिक अटकळ होती. ठेवीदारावरील उपकार म्हणून ज्याकडे पाहिले गेले, तो बँकांच्या बचावाचाही कायदा होता.

या कायद्याचा लाभ सर्वांत आधी ज्यांना झाला त्यांच्यात कलकत्त्याच्या बँक ऑफ चायनाचे ठेवीदार होते, हा इतिहासाचा एक गमतीदार विक्षेप म्हटला पाहिजे. १९६२ च्या चीनबरोबरच्या युद्धानंतर ती बँक बंद झाली आणि १९६३ मध्ये विम्याच्या निधीतून पैसे दिले गेले. दिल्लीत याचा प्रत्यय आला तो १९७० मध्ये, नॅशनल बँक ऑफ लाहोरच्या निमित्ताने. फाळणीत गाव सुटले, पण नावातले लाहोर तेवढे बरोबर आलेली ही बँक. आणि ज्या लक्ष्मी व पलाई बँकांमुळे हा कायदा झाला, त्यांच्या ठेवीदारांना यातून एक पैही मिळाली नाही. कायदा मागे जात नाही. त्यांना अवसायकाकडे कागद घेऊन खेटे घालावे लागले. अवसायक बँकेची येणी वसूल करील तेव्हा, आणि जितकी करील तितक्या प्रमाणात, त्यांच्या हाती पैसे येणार होते. एखाद्याच्या घराला आग लागावी, त्या आगीमुळे नगरपालिकेने बंब विकत घ्यावा आणि तो बंब पुढल्या आळीतल्या घरांना उपयोगी पडावा, तसा हा प्रकार झाला.

यानंतरचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. १९ जुलै १९६९ रोजी चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. तीनच दिवस आधी मोरारजी देसाई यांच्याकडील अर्थखाते काढून घेण्यात आले होते. बँका सरकारच्याच झाल्यावर ठेवीदाराने विमा आहे की नाही हे विचारण्याचे सोडून दिले. संसदेतले प्रश्न आता कर्ज कोणाला मिळते आणि शाखा कोठे उघडते यांविषयी येऊ लागले. १९६८ च्या दुरुस्तीने सहकारी बँकाही विम्याच्या कक्षेत आल्या होत्या, आणि सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धात मालवण, घाटकोपर अशा ठिकाणच्या सहकारी बँकांच्या ठेवीदारांना त्याचा उपयोग झाला. सहकाराचा पाळणा महाराष्ट्रात हलला, तेव्हा त्याची दुखणीही आधी महाराष्ट्रातच निघावीत हे ओघाने आले. संरक्षणाची मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढत मे १९९३ मध्ये एक लाखावर गेली आणि तेथेच सत्तावीस वर्षे थांबली.

अर्थमंत्र्यांच्या शब्दाची खरी परीक्षा त्यानंतर झाली. ऑगस्ट २०१७ मध्ये वित्तीय संस्थांच्या दिवाळखोरीविषयी एक विधेयक लोकसभेत आले. बुडणाऱ्या बँकेला आतूनच सावरण्यासाठी तिच्या देण्यांचे रूपांतर करण्याची तरतूद त्यात होती. त्याचा सरळ अर्थ लोकांनी असा घेतला की, उद्या बँक अडचणीत आली तर आपली ठेव परत न देता तिचे भाग आपल्या हाती ठेवतील. अर्थमंत्री अरुण जेटली यांनी ठेवीदारांच्या हिताला बाध येणार नाही असे वारंवार सांगितले. तरी भीती ओसरली नाही आणि वर्षभराने, ऑगस्ट २०१८ मध्ये, विधेयकच मागे घेण्यात आले. मला यात मोठा अर्थ दिसतो. १९६० मध्ये मंत्र्यांच्या शब्दाने घाबरणारा ठेवीदार आता मंत्र्यांच्या शब्दाने धीरही धरीनासा झाला होता. त्याला शब्द नको होता, कलम हवे होते.

ते कलम यावयास आणखी एक बँक बुडावी लागली. २३ सप्टेंबर २०१९ रोजी मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर रिझर्व बँकेने निर्बंध घातले आणि पहिल्या दिवशी ठेवीदारांना सहा महिन्यांत फक्त एक हजार रुपये काढण्याची मुभा दिली. विम्याची रक्कम मिळण्याचा त्या वेळचा नियम असा होता की, बँकेचा परवाना रद्द होऊन तिचे अवसायन सुरू झाल्यावर, अथवा विलीनीकरणाची योजना अमलात आल्यावरच दावा करता येई. नुसत्या निर्बंधांनी गोठलेल्या बँकेच्या ठेवीदाराला विमा असूनही नसल्यासारखा होता. औषधपाण्यासाठी अडलेला माणूस बँक मरण्याची वाट पाहत बसतो, अशी ही विचित्र स्थिती होती. पुरवणी प्रश्नांच्या टिपणांत 'ठेवीदारांना रक्कम केव्हा मिळेल' हा प्रश्न असणारच, हे सांगावयास अनुभव लागत नाही. उत्तर मात्र 'कायद्यानुसार' यापलीकडे जात नसे, आणि कायद्यात तारीख नव्हती. असे उत्तर लिहिताना हाताला जो संकोच होतो तो नोकरीच्या पहिल्या वर्षी होतो तसाच विसाव्या वर्षीही होतो.

१ फेब्रुवारी २०२० च्या अर्थसंकल्पात निर्मला सीतारामन यांनी विम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाख केल्याचे जाहीर केले. ती त्या महिन्याच्या ४ तारखेपासून लागू झाली. ऑगस्ट २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांनी विम्याच्या कायद्यात दुरुस्ती मंजूर केली आणि १ सप्टेंबरपासून ती अमलात आली. बँकेवर निर्बंध लागले की पहिल्या पंचेचाळीस दिवसांत तिने ठेवीदारांची यादी सादर करावयाची, पुढील पंचेचाळीस दिवसांत विमा महामंडळाने ती पडताळून पाच लाखांपर्यंतची रक्कम द्यावयाची, असा नियम झाला. ठेवीदाराने १९६० मध्ये अकोल्यात विचारलेल्या 'केव्हा' या प्रश्नाला एकसष्ट वर्षांनी दिवसांचा आकडा मिळाला.

'किती' या प्रश्नाचे उत्तर अजून अपुरे आहे. जानेवारी २०२२ मध्ये ती मुंबईची बँक एका नव्या लघुवित्त बँकेत विलीन झाली. पाच लाखांपर्यंतच्या ठेवी परत देण्याची सोय झाली. त्याहून अधिक रक्कम असलेल्यांना उरलेले पैसे दहा वर्षांत हप्त्याहप्त्याने मिळावयाचे ठरले. त्यांच्यात गृहनिर्माण संस्थांचे दुरुस्ती निधी होते आणि निवृत्त माणसांचे एकरकमी फंडही होते. वयाच्या पंच्याहत्तरीला दहा वर्षांचा हप्ता हाती येणाऱ्या माणसासाठी संसदेत अजून प्रश्न विचारले जातात, आणि त्यांची टिपणे अजून तयार करावी लागतात.